मागच्या चाकाखाली

अंबाजोगाईत सपाट जागा मागून मिळत नाही.
घर उतारावर, बँक उतारावर,
भाजीला थांबलं तरी गाडी मंडईकडे नाक करून
हळूच सरकायला लागते,
मेथीची घाई जणू तिलाच.

गाडी अठ्ठ्याण्णवची. परळीच्या एका कंपाउंडरकडून घेतलेली.
पांढरी होती. आता ताकाच्या रंगाची.
हँडब्रेक ओढला की अकरा खटके वाजतात
आणि धरत काहीच नाही.
लग्नाच्या बैठकीत कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याने
हो हो म्हणावं, तसा.

म्हणून डिकीत एक दगड असतो,
काळा, एका अंगाने चपटा,
धारूरच्या घाटात टायर पंक्चर झालं तेव्हा सापडलेला.
मी ब्रेकवर पाय दाबून बसायचो,
विजयमाला उतरायची,
दगड मागच्या चाकाखाली सारायची, टाचेनं ठोकायची,
आणि पत्र्यावर दोन थापा.
म्हणजे, सोडा पाय.

किती वर्षं, ते मोजलं नाही.
ती कशी वाकते तेही
आरशात कधी पाहिलं नाही.
आरसा मागच्या गाड्यांसाठी असतो, असं मी समजत होतो.

या थंडीत ती एकदा दगड घेऊन उभीच राहिली.
म्हणाली, जड झालाय.

दगड जड होत नसतो,
एवढं मला महसूल खात्यात राहूनही कळतं.

मुनीर मिस्त्री म्हणाला, नाना,
केबल ताणून देऊ का? पाच मिनिटांचं काम.
महिनाभर पकडंल.
आणि मग?
मग पुन्हा ताणू. समदे तेच करतेत.
आत काय चाललंय बघायचं असंल
तर चाक काढावं लागंल.

काढ म्हणालो.

ड्रम निघेना. त्याच्या भाच्याने हातोडीने
कडेकडेने ठोकलं, झोपलेल्या घराचं दार वाजवावं तसं.
निघाला तेव्हा कारळाच्या चटणीसारखी
काळी पूड पडली जमिनीवर.
उजवीकडचं सिलिंडर पाझरत होतं,
लायनर तेलानं माखून काचेसारखं गुळगुळीत.
मुनीरनं अंगठा फिरवला, मला दाखवला,
मग फडक्याला पुसला.
डावं चाकच एकटं धरत होतं, नाना.
कवाधरनं कुणास ठाऊक.

मी चहा सांगितला. तिघांना. माझा तसाच राहिला.

सामान लातूरहून आलं, तिसऱ्या दिवशी,
दुपारच्या बसमध्ये ड्रायव्हरच्या सीटखाली
जुन्या पेपरात गुंडाळून.
नवं सिलिंडर, चार लायनर, केबल.
ड्रमला आतून पॉलिश पेपर मारला.
आधी लायनर जुळवले, केबल शेवटी,
आणि भाचा चाक हातानं फिरवत राहिला,
मुनीर कान लावून खटके मोजत.
तिसऱ्याला घासायला लागलं,
पाचव्याला चाक जागच्या जागी.
दोन हजार तीनशे चाळीस. वरचे चाळीस त्यानं सोडले.

संध्याकाळी विजयमालाला घेऊन बुट्टेनाथच्या उतारावर गेलो.
मध्यावर थांबवली. पाच खटके.
तिनं सवयीनं दार उघडलं,
एक पाय खाली.

बस, म्हणालो. उतरायचं नाही आता.

ती तशीच बसली, दार अर्धं उघडं,
समोरच्या विजेच्या खांबाकडं टक लावून,
खांब हलतो का बघत.
खांब हलला नाही.
एक बकरी गाडीच्या खालून वास घेऊन गेली.

दगड कुठंय?
डिकीत.
असू द्या, म्हणाली. काढू नका लगेच.

मग पाय आत घेतला, दार लावलं,
आणि आतूनच पत्र्यावर दोन थापा मारल्या.

ब्रेकवरचा पाय
मी अजून काढला नव्हता.