साखळी उलटी

दुकान विकलं. नवा मालक इथे कॉफी देणार.
शुक्रवारी किल्ली, त्याआधी भिंत मोकळी.
मी किटलीची वाफ धरते, पातं आत सरकवते,
कागद सुटतो
भिजलेल्या सालीसारखा, कधी अखंड, बहुतेकदा नाही.

सगळ्यात वर अठ्ठ्याण्णव साल.
रेड बीव्हर चेनसॉ, पांढऱ्या पोकळीत एकटीच तरंगते.
झाड नाही, माणूस नाही.
खाली मुंगीएवढ्या अक्षरांत:
चष्मा लावा, कान झाका, पोरांना लांब ठेवा,
पातं मागे उसळू शकतं.
एवढी माया कंपनीला कधी नव्हती.
तोवर विलापाकाठची शेवटची गिरणीही थंड झालेली,
कापायला नेमकं कोण उरलं होतं?

त्याखाली स्वेटर घातलेला कुणी बँकवाला,
शेकोटीपुरती चार लाकडं आणि कौतुकाने बघणारा कुत्रा.
'शनिवार तुमचा!'
असे शनिवारवाले सोमवारी यायचे,
तेल न घालता जाळलेलं इंजिन ओंजळीत धरून,
आजारी मांजर आणावं तसे.

मग ती. बहात्तर साल.
तोकडी चड्डी, उघडे पाय, भुशात उभी.
'इतकी हलकी, की हीसुद्धा उचलेल.'
माझी आई, लेम्पी रौतिओ,
दिवसाला चाळीस साखळ्यांना धार लावणारी,
चित्रासमोर बराच वेळ कमरेवर हात ठेवून उभी राहिली.
मग कानामागची पेन्सिल काढून
त्या पोरीला घोट्यापर्यंत पँट काढून दिली,
लोकरी मोजेही.
आणि कोपऱ्यात लिहिलं: साखळी उलटी बसवली आहे.
खरंच उलटी होती.
छापणाऱ्यांपैकी कुणीच करवतीकडे पाहिलं नव्हतं.

किटली पुन्हा भरते.

सत्तावन्नचा थर निघता निघत नाही.
बाबांनी तो सरसाने चिकटवला होता, अभिमानाने की रागाने,
कळायला आता उशीर झाला.
पोर्टलंडहून डेल्बर्ट क्रॉय नावाचा चित्रकार आला होता,
दोन फोटो घेतले, डोनट खाल्ला, गेला.
महिन्याने गुंडाळी आली:
वेइक्को रौतिओ, लाल चौकड्यांचा शर्ट, मागे धुक्यात फरची रांग,
'एक माणूस पुरे!'
आणि डाव्या हाताला पाच बोटं.

बाबांना त्या हाताला तीन होती.
मी सहा वर्षांची, खुर्चीवर चढून मोजायचे,
भिंतीवर पाच, जेवणाच्या टेबलावर तीन,
आणि समजूत करून घेतली
की उरलेली दोन पोर्टलंडला कंपनीने जपून ठेवलीत.
बाबा म्हणायचे, चाळीस डॉलर आणि एक करवत मिळाली,
बोटांचे वेगळे मागायला हवे होते.

त्याच्याखाली, चिंध्या झालेला, अट्ठेचाळीस.
तेव्हाचं यंत्र दोघांनी उचलायचं,
इंजिन एकाकडे, मूठ दुसऱ्याकडे.
'जोडीदार निवडा, बाकी आम्ही बघतो.'
बाबांची मूठ अक्सेल निएमीने नऊ वर्षं धरली.
एकाने खोकलं तर दुसरा थांबायचा.
पुढे 'एक माणूस पुरे' आलं,
अक्सेल मासे डबाबंद करायला गेला.
त्याची जाहिरात कुणी काढली नाही.

दुपारी नवा मालक डोकावला.
अरे वा, म्हणाला, जुन्या जाहिराती लोकांना फार आवडतात,
टाकू नका, फ्रेम करतो.
मी म्हटलं, घे.
बँकवाला घे, पाच बोटंही घे.
पँटवाली तेवढी माझ्या गाडीत ठेवली.

संध्याकाळी भिंत लागली एकदाची.
फरच्या फळ्या, हाताने कापलेल्या,
दातांचे ओरखडे अजून तिरपे,
एक ओढ इकडची, एक तिकडची.
तिसऱ्या फळीवर बाबांचं अक्षर, सुतारी पेन्सिलीत:

अक्सेलचे सहा डॉलर देणे.

खाली खूण नाही, तारीख नाही.
वाफ गेली होती. किटली तशीच उकळत राहिली.