पत्ता अपूर्ण

शरयू इंगळेची मिरची आभाळाकडे तोंड करून लागते.
बाकीच्या मिरच्या मान खाली घालून असतात.
ही नाही. शरयूही नव्हती.

बाड्यावरच्या मोठ्या पोस्टात
एकोणतीस वर्षं आम्ही शेजारी शेजारी बसलो.
तिच्याकडे मुरार, ठाठीपूर, भिंड;
माझ्याकडे दतिया आणि झाशी.
तिच्या डब्यात कागदाची एक पुडी असायची,
पुडीत दोन मिरच्या. एक माझी.
जेवताना दोघींच्या डोळ्यांना धार लागायची
आणि खिडकीशी तिकिटं घेणारा माणूस
आवाज खाली आणून विचारायचा,
कोई गुज़र गया क्या?

बी कुठलं म्हणून विचारलं
तर कधी सांगायची, साताऱ्याकडचं,
पागेबरोबर इकडे आलं, घोड्याच्या तोबऱ्यातून.
कधी भिंडच्या एका पोस्टमनचं नाव घ्यायची.
एकदा म्हणाली, चोरलंय.
कुठून, ते मात्र नाही.

जानेवारीत गेली. धुकं इतकं
की लक्ष्मीगंजला पोचेपर्यंत
पुढे चाललेली तिची गाडी दिसली नाही,
फक्त तिचे मागचे दोन लाल दिवे.
तेराव्याला भाऊ म्हणाला, बी आमच्या आत्याचं, इंदूरचं.
नणंद हसली. अहो, सब्जी मंडीतलं ते,
माझ्यासमोर आठ आण्यांना घेतलेलं.
मी कुणालाच खोटं म्हटलं नाही.

तिच्या गच्चीवर रंगाचे रिकामे डबे होते,
डब्यांत पाल्यानं काळी पडलेली झाडं.
पाण्याच्या टाकीआड एकच वाचलेलं,
त्यावर सात मिरच्या, वाळून वाजणाऱ्या.
घरी आणून वर्तमानपत्रावर फोडल्या,
हात धुतले, पुन्हा धुतले,
तरी रात्री डोळ्याला बोट लागलंच.
तेरा दिवस न आलेलं रडू
असं आलं. मी म्हटलं, चालेल.

मग पाकिटं केली. ती सवय जात नाही.
जुन्या लग्नपत्रिकांची, डिंकानं चिकटवलेली,
प्रत्येकात अकरा बिया.
दूधवाल्याला दिलं, डोळ्यांच्या डॉक्टरला दिलं
(त्यानं ते खिशात ठेवलं, बहुधा धुतलं),
कंपूतल्या तिच्या भाचीला,
आणि सबलगढच्या बसमध्ये शेजारी बसलेल्या
रामश्री नावाच्या बाईला,
जिनं विचारलं, किसकी याद में?
आणि उत्तर न ऐकताच
पाकीट चोळीत खोचलं.

तिसऱ्या वर्षी माझ्याच गच्चीवर
मिरच्या मान खाली घालून लागल्या.
फुगीर, बिनकण्याच्या, जेमतेम तिखट.
शेजारी तोमरांनी भोपळी मिरची लावलेली,
आणि मधमाश्यांना कुठं कळतं
कोणतं झाड कुणाच्या नावाचं आहे.
मी डबे उलटे केले, माती पसरली,
आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाही.
एकोणतीस वर्षांत माझ्या हातून
एक रजिस्टर पत्र हरवलं नव्हतं.

दिवाळीनंतर एक पाकीट आलं.
माझंच, उसवून, उलटं करून चिकटवलेलं,
आत कुणा दीपाली आणि शेखरचा शुभविवाह.
चाळीसेक बिया, आणि पेन्सिलीनं:
जिज्जी, बहुत लगीं. ऊपर मुँह करके लगती हैं,
ठीक है न? कोई बीमारी तो नहीं?

वसंत पंचमी झाली, पाला सरला.
बी पेरलंय. तोमरांकडच्या बाजूला
जुनी मच्छरदाणी बांधली आहे;
तोमर रोज विचारतात, आत कोण झोपतं?

नवी पाकिटं तयार आहेत.
मागच्या बाजूला, प्रेषक म्हणून,
मी शरयू इंगळे एवढंच लिहिते.
खाली पत्त्याची ओळ सुटलेली राहते.
आमच्या खात्यात असं टपाल
पुढे न्यायचं की थांबवायचं
यावर आम्ही दोघी एकदा
अख्खी दुपार भांडलो होतो.
ती म्हणत होती, न्यायचं.