बर्फाचा भाव

रत्नागिरीत, मारुती मंदिरच्या मागं,
दुसऱ्या मजल्यावर
ती मुलगी म्हणाली, चरबी गोठवतो आम्ही,
कापाकापी नाही.
एका कुशीचे नऊ हजार. बैठका चार.
जीएसटी वेगळा.

मी मिरकरवाड्याची.
बर्फाची लादी दीडशेला घेते,
त्यातही दहा सोडवते.

दोन्ही कुशी घेतल्यात तर सूट, म्हणाली,
आणि माझं पोट चिमटीत धरून
अंगठ्यानं दाबून पाहिलं.

गिऱ्हाईक असंच दाबतं
आश्विनातला बांगडा:
चरबी धरलीय काय गो, हंसा?
धरलीय म्हटलं
की घासाघीस थांबते.

विचार करून सांगते, म्हटलं.
खाली आले.
जिन्याखाली ठेवलेल्या पाटीतला बर्फ
अर्धा वितळलेला,
पाणी पार गटारापर्यंत गेलेलं,
फुकटात.