पासंग

झुकत्या टेबलावर आज तिसरे पेशंट: मुरलीधर करडे,
वय एकाहत्तर, राहणार रविवार पेठ.
तक्रार: पहाटे उठलं की डोळ्यांपुढे अंधारी.
एकदा मोरीत पडले, कपाळाला चार टाके.

छातीवर पट्टा, गुडघ्यांवर पट्टा.
"बांधून ठेवताय होय?" म्हणाले.
"चाळीस वर्षं लोकांचे वजनकाटे दुरुस्त केले,
आज मीच पारड्यात."

मी कळ दाबते. सत्तर अंश.
रक्त बापडं उताराला लागतं,
खडकवासल्यातून सोडल्यासारखं पायांकडे.
इथे मानेत, जबड्याच्या कोनाखाली
धमनीला एक फुगीर जागा, तिला ताण कळतो.
ती वर निरोप धाडते: दाब पडलाय.
मेंदूच्या देठात तो वाचला जातो
आणि दोन ठोक्यांत उलट टपाली:
हृदया, पळ. वाहिन्यांनो, आवळा.
माणसाला पत्ताही नसतो,
तो चहाचं आधण ठेवायला उठलेला असतो.

करड्यांचं उत्तर उशिरा येतं.
नव्वद. ब्याऐंशी.
"काय दिसतंय काका?"
"बोहरी आळी. दिवे गेलेत."
टेबल आडवं. पाय वर.

रंग परतल्यावर विचारलं, "काटा गंजलाय का?"
मी डॉक्टर नाही.
सबनीस मॅडम आम्हाला सांगतात तेच सांगितलं:
मेंदूत बारीक रेणू पाझरतात, त्यांतली एक माळ आठ मण्यांची.
ती बसली की काटा जड, निरोप अर्धाच ऐकू येतो.
तिचाच शेवटचा मणी गळाला की स्वभाव उलटा,
सात मण्यांची तीच काट्याला हलकं करते.
वयाबरोबर सातवाली कमी पडते, असं उंदरांत दिसलंय.
माणसांत?
बघताहेत अजून.

बराच वेळ छताकडे बघत राहिले.
"म्हणजे पासंग," म्हणाले.
"पारड्याखाली मेणाचा गोळा चिकटवतात,
गिऱ्हाइकाला दिसत नाही.
जन्मभर तोच शोधला, असं बोट फिरवून."
आणि बोट मानेवर नेलं.
इथे नाही काका. आणखी वर, आत.
तिथे बोट पोचत नाही.

उठताना आधी कडेला बसा, वीस आकडे मोजा,
रात्री उशाशी पाणी ठेवा, एकदम वाकू नका.
मान डोलावली.

जाताना बाहेरच्या वजनयंत्रावर चढले, उतरले,
वाकले नाहीत, चपलेनेच ते भिंतीपासून चार बोटं सरकवलं,
पुन्हा चढले.
"दीडशे ग्रॅम कमी दाखवत होतं," म्हणाले. "कधीपासून?"

मला माहीत नव्हतं.