खाच

लिएपायात वारा दाराच्या फटीतूनही आत येतो.
तिसऱ्या मजल्यावर स्कायद्रीते पडदा ओढते,
हीटर जवळ सरकवते
आणि आउस्माला म्हणते : काढ.

आउस्मा तीस वर्षं मासळीच्या डब्यांपुढे उभी राहिली.
आता तासावारी पैसे घेऊन खांदे दाखवते.
दोन्हींवर एकेक खाच,
करंगळी आडवी बसेल एवढी.
स्कायद्रीते खरंच ठेवून बघते.
बसते.

वहीत : रुंदी बावीस मिलिमीटर.
खोडते. अठ्ठावीस.
आत पातळ फोम, पण कडेपर्यंत नको,
चावते ती कडच.
शिवण वरच्या अंगाला,
खालून कातडीला गाठ लागता कामा नये.

पहिला नमुना पावासारखा फुगला.
दुसऱ्याला आउस्मा म्हणाली,
खांद्यावर दोन मासे झोपलेत.
तिसरा घसरून कोपराशी आला.
चौथा घालून ती गप्प.
हात उंच करून नसलेल्या फळीवरची बरणी काढली,
वाकून बुटाची नाडी पुन्हा बांधली.

काय वाटतंय?
काही नाही.
म्हणजे?
म्हणजे काही वाटतच नाही गं.

स्कायद्रीते हेच शब्द चिठ्ठीवर लिहिते,
नमुन्याला टाचायला वळते,
तर आउस्माने वरून स्वेटर चढवलेला,
कोटाची बटणंही लावून झालेली.
बटाट्यांची पिशवी उचलते,
नेहमीच्याच खांद्यावर, खाचेच्या बरोबर वर.

नमुना ठेवून जा.
उद्या, ती जिन्यातून म्हणते.