बुटातला बिल्ला

डोंगराच्या त्या सुळक्यावर ऊन आलं की
धारा काढायच्या.
पुढच्या काळ्या सुळक्यावर आलं की जेवण.
घड्याळ नव्हतं ब्रांडूरच्या शेतावर,
लागतही नव्हतं.
मेंढ्यांना मिनिटं कळत नाहीत.

स्टेनव्होर सतराची.
वर्षभर राबण्याचं मोल : लोकरीचं जाडंभरडं कापड,
लोण्याचा डबा,
आणि झोपायला दुसरीच्या पायांशी डोकं.
बिनजमिनीच्यानं कुणाच्या तरी शेतावर नाव लावायचं,
हा कायदा केव्हाच उठला होता;
सवय अजून बसून होती.
लोक म्हणत, देवानंच बसवलीय ही घडी.
पाद्रीही तेच म्हणे.
त्याच्या वाट्याची कोकरं ब्रांडूरच्याच कळपातली.

मग फ्योर्डात हेरिंग आली.
खाडीच्या तोंडाशी पाणी चंदेरी खदखदू लागलं,
पाठोपाठ नॉर्वेची गलबतं, स्पेनचं मीठ,
फळ्यांचे धक्के,
आणि एक भोंगा.

रात्री खिडकीवर थाप : उठा, बोट लागली!
(रात्र म्हणायची आपली. उन्हाळ्यात तिथे
ऊन झोपतंच कुठे.)
एका घावात गळा, आतडं बाहेर,
थर, मीठ, थर, मीठ,
बोटांना चिंध्या, चिंध्यांतून मीठ आत.
पिंप भरलं की ती ओरडायची,
आणि एक माणूस येऊन तिच्या बुटात
पत्र्याचा बिल्ला टाकून जायचा.

पहाटे ती घरी निघायची तेव्हा
पाय वाजायचा.

पहिल्यांदाच तिचं राबणं मोजता आलं,
आणि मोजता आलं म्हणून
कमी पडतंय हेही कळलं.
ऑगस्टात चाळीस जणींनी सुऱ्या
झाकणांवर आडव्या ठेवल्या.
मासळी उन्हात, मालक घामात.
दुपारी वास सुटला,
संध्याकाळी दर वाढला.

लग्न तिनं कुणाला न विचारता केलं,
पिंपं बांधणाऱ्या एकाशी; नावावर ढेकूळही नव्हतं त्याच्या.
ब्रांडूरचं शेत गवतात गेलं,
ब्रांडूरचा मुलगा धक्क्यावर हिशेबनीस झाला,
तिचे बिल्ले तोच मोजायचा, मान खाली घालून.
देवाची घडी विस्कटली ती
वीतभर माशानं.

आणि एके वर्षी मासा आलाच नाही.
त्याच्या पुढच्या वर्षीही.
खिडक्यांना फळ्या ठोकल्या गेल्या, भोंगा गंजला,
पण उरलेली माणसं कितीतरी दिवस
पहाटे तीनला दचकून उठत,
अंथरुणात बसून राहत.

आता त्याच धक्क्यावर उन्हाळ्यात खेळ होतो.
पिवळे एप्रन, सुऱ्या, थोडी मासळी, पर्यटकांच्या टाळ्या.
स्टेनव्होरची पणती तिकिटं फाडते;
पगार तासावर, येतो मोबाइलमध्ये, मुका.
काल तिनं काचेच्या कपाटातला एक बिल्ला
हळूच बुटात टाकला
आणि धक्क्यावरून चालत गेली, कान देऊन.
एकच होता.
वाजला नाही.