परिच्छेद चौदा

पहिला अठराशे डॉलर घेऊन गेला.
चोविसाव्या रस्त्यावर, टायरच्या दुकानाशेजारी,
काचेवर सोनेरी अक्षरं: नोतारियो.
आमच्या ओलांचोत नोतारियो म्हणजे वकिलांचाही वकील,
जमीनदार त्याच्यापुढे टोपी काढून उभा राहतो.
इथे नोतारियो म्हणजे एक शिक्का
आणि तो मारणारा हात.
हे ओमाहात मला कुणी सांगितलं नाही.
तो म्हणाला, "काम झालंच समज."
पावती मागितली तर हसला,
"आपल्याच माणसाकडे पावती मागतेस, इदालिया?"

दुधानं तोंड पोळलेली मी
मग ताकाच्या शोधात निघाले.
एकीकडे मऊ खुर्च्या होत्या,
भिंतीवर हसऱ्या कुटुंबांचे फोटो.
दुसरा फोनवरच म्हणाला, "शंभर टक्के."
शंभर टक्के तर कत्तलखान्यात
जनावरसुद्धा पहिल्या फटक्यात मरत नाही.
दोन हिवाळे बघते आहे मी.

तिसरी, लोरेन व्हर्बा. लाँड्रीच्या वरचा मजला,
जमिनीखालून ड्रायरची घरघर.
तिने माझे कागद उलटसुलट पाहिले,
चष्मा काढला, म्हणाली,
"आपण हरू शकतो."

मी पर्स उघडली.

"नदी कधी ओलांडलीस?"
मका गुडघ्याएवढा होता.
"तारीख?"
डेल्मीचा दात पडला, त्याच आठवड्यात.
"सरकारी वकिलाला दात दाखवता येत नाही."
मग बहिणीनं पाठवलेल्या पैशांवरून महिना,
महिन्यावरून आठवडा,
बंद असलेल्या एका दवाखान्यावरून
आम्ही रविवार शोधून काढला.

एक गोष्ट मी गिळून टाकली होती.
त्याआधीही पकडलं होतं मला,
दहा बोटांचे ठसे घेऊन परत पाठवलं होतं.
सहाव्या भेटीत ते तिला
दुसऱ्याच कुठल्या कागदात सापडलं.
ती ओरडली नाही.
उठून खिडकी उघडली, बाहेर उणे बारा,
परत लावली.
"आता उरलेलं सांग."

माझं आयुष्य मला छापून मिळालं,
एक ते एकतीस, क्रमांक घालून.
दुभाषा एर्विन वाचत होता,
नुकती मिसरूड फुटलेला, प्रत्येक वाक्यानंतर घसा खाकरणारा.
परिच्छेद चौदा:
माझा भाऊ नेप्ताली याला एकोणीस जानेवारी रोजी
आमच्या दारासमोर ठार करण्यात आले.
मी म्हटलं, चूक आहे.
तारीख? नाही. नाव? नाही.
"तो शीळ घालत होता."
एर्विननं भाषांतर केलं. लोरेननं त्याच्याकडे पाहिलं.
त्यानं पुन्हा केलं.

सायकलची चेन बसवताना घालायचा तो शीळ.
त्या दिवशी ती मधेच थांबली,
म्हणून मी बाहेर आले.
गोळीचा आवाज ऐकून कोण बाहेर येतं?

"हे कायद्यात कुठेच बसत नाही," लोरेन म्हणाली,
आणि समासात लिहू लागली,
जागा संपली तेव्हा कागद आडवा करून.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.
इथे पायरीच नाही, लिफ्ट आहे.
बाकावर आम्ही तिचं अंड्याचं सँडविच अर्धं अर्धं खाल्लं.
मी चौदावा परिच्छेद मनात म्हणत होते,
ओठ हलू न देता.
मग दार उघडून कारकून म्हणाला,
आज न्यायाधीश नाहीत.

घरी बिस्किटांच्या डब्यात तेवीस पावत्या आहेत,
दर महिन्याला दीडशे डॉलर, तिच्या तिरक्या सहीसकट.
तळाशी डेल्मीचा दात, कापसात.

लिफ्टमध्ये लोरेननं डायरी उघडली:
तीन फेब्रुवारी, दोन वर्षांनी.
थोडं थांबून, एर्विनची वाट न बघता,
मोडक्या स्पॅनिशमध्ये तिनं विचारलं,
"तेव्हा मका केवढा असेल?"
"नसेल," मी म्हटलं.
"फेब्रुवारीत इथे बर्फ असतो."
तिनं तेही लिहून घेतलं.